वडापाव, हापूस आणि पुरणपोळी न सोडता वजन हळूहळू कसं उतरवायचं

वजन कमी करायचं ठरलं की पुष्कळ घरांत आधी गोड बंद होतं, मग भात, मग वडापाव. म्हणजे जे खाताना खरा आनंद मिळतो तेच सगळ्यात आधी जातं. फोडणीतलं जास्तीचं तेल, चौथ्या चहाची साखर, टीव्हीसमोरचं फरसाण, 'एवढी एकच उरलीय, संपवून टाक' म्हणून ताटात आलेली पोळी हे सगळं मात्र जागच्या जागी राहतं, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. इथे क्रम उलटा आहे. ज्याची चव खाल्ल्यावर आठवतही नाही तिथून आधी कापायचं आणि जे मनापासून आवडतं त्याला आठवड्यात ठरलेली जागा द्यायची. वेग कमी असतो, महिन्याला साधारण सव्वा ते दीड किलो. पण याच वेगाने उतरलेलं वजन गणपती, दिवाळी आणि लग्नसराई ओलांडून टिकण्याची शक्यता जास्त.

सुरू करण्याआधी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं घटवण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं कमी झालं आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वजन उतरलं की रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही बदलावी लागू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, किडनीचा आजार असणाऱ्यांनी आणि पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेल्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. खाणंपिणं तेच असून वजन झपाट्याने वाढलं किंवा घटलं असेल, तर आधी थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

मग दोन मापं घ्या. पहिलं वजन: सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा कडक फरशीवर आणि रोज त्याच जागी ठेवा, सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. दुसरं कंबर: बेंबीच्या आसपास, श्वास सहज सोडून, टेप पोटात न रुतवता. भारतीयांसाठी पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ धरतात. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीय शरीराला मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनावरच सुरू होतो, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात.

पहिलं ध्येय सध्याच्या वजनाच्या ५ टक्के, त्याहून जास्त नको. १६० सेंटीमीटर उंची आणि ७२ किलो वजन असेल तर ५ टक्के म्हणजे ३.६ किलो. आकडा छोटा वाटतो, पण एवढ्यावरही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. अमेरिकेतल्या 'डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ध्येय होतं ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. कॉलेजातल्या वजनावर परत जायची गरज नसते.

गणित एकदाच समजून घ्या

शरीरातल्या एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. रोज ३५० कॅलरी कमी पडल्या तर एक किलो उतरायला २२ दिवस लागतात. आता आवडीच्या पदार्थांसाठी जागा करू. रोज ४५० वाचवा आणि आठवड्यातून दोनदा प्रत्येकी ३५० कॅलरी आवडीच्या पदार्थावर खर्च करा. आठवड्याचे ३,१५० वाचले, ७०० गेले, उरले २,४५०. म्हणजे रोजची सरासरी पुन्हा ३५०. पुढचं सगळं या ४५० कॅलरी कुठून काढायच्या आणि त्या ३५० कशा खर्च करायच्या याबद्दल आहे.

पहिला आठवडा: फक्त लिहा, काहीही बदलू नका

वहीत किंवा मोबाइलवर तोंडात जाणारं सगळं लिहा. चव बघायला घेतलेला पोह्यांचा घास, मुलाच्या ताटात उरलेलं थालीपीठ, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा पेढा, सगळंच. आठवड्याच्या शेवटी लिहू म्हटलं तर निम्मं विसरायला होतं. खाल्लं की लगेच लिहा.

याच आठवड्यात घरातली भांडी मोजा. आमटीची वाटी पाण्याने भरून ते पाणी मापाच्या पेल्यात ओता. एका घरातली वाटी १२० मिलिलिटरची असते, दुसरीत २५० मावतं, आणि दोघंही 'एक वाटी भात' असंच म्हणतात. एका भाकरीला किती पीठ लागतं ते छोट्या डिजिटल काट्यावर बघा. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी २०० कॅलरींची, १०० ग्रॅमची साडेतीनशेच्या जवळ. पोळीला ३० ग्रॅम कणीक लागत असेल तर तेल न लावता ती साधारण १०० कॅलरींची. फोडणीची पळी किती चमच्यांची आहे तेही बघून ठेवा. हा आठवडा गाळला तर पुढचे सगळे आकडे अंदाजाचे राहतात, आणि खाण्याचा अंदाज माणूस नेहमी कमीच बांधतो.

आठवड्याअखेर वहीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा. जी खाताना मजा आली तिच्यापुढे टिक, आणि समोर होती, कुणी दिली, किंवा कंटाळा आला म्हणून खाल्ली तिच्यापुढे फुली. कापायला सुरुवात फुल्यांपासून.

तेल: सगळ्यात मोठी बचत, जिची चवीला झळ बसत नाही

एक छोटा चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी, पोह्याचा मोठा चमचा म्हणजे १२०. तूप, तेल, वनस्पती कुठलंही घ्या, ग्रॅममागे ९ कॅलरी ठरलेल्या. तूप मिळून माणशी रोज पाच छोटे चमचे, म्हणजे २५ मिलिलिटर, बैठं काम करणाऱ्याला पुरे.

पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात माणशी २५ मिलिलिटर धरलं तर तो ५० दिवस पुरायला हवा. ३० दिवसांत संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज १७ मिलिलिटर जास्त जातंय, म्हणजे सुमारे १४० कॅलरी. पाहुणे, सणाचं तळण यांचा हिशेब वेगळा ठेवा. प्रत्येक भाजीचं तेल मोजत बसण्यापेक्षा ही एक तारीख जास्त खरं सांगते.

ते कमी कसं करायचं? मोहरी तडतडायला तेल गरम लागतं, जास्त लागत नाही. चौघांच्या भाजीला तीन छोटे चमचे पुरतात. बरणीतून थेट ओतणं बंद करा आणि तेलाच्या भांड्यात छोटा चमचा कायमचा ठेवा. आमटीची फोडणी मोठ्या पातेल्यात न करता छोट्या कढल्यात करा. तळ लहान असला की एका चमच्यातही मोहरी, हिंग, कढीपत्ता बुडतो. कोरडी भाजी लागते म्हणून तेल वाढवण्याऐवजी कढईवर ताट झाका आणि ताटात पाणी घाला. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, आणि ओलावा लागलाच तर ताटातलं गरम पाणी कामी येतं. भेंडीला हे चालत नाही, वाफेने ती बुळबुळीत होते. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करा, बारीक चिरा, झाकण न ठेवता परता आणि मीठ शेवटी घाला. वांगं तेल पितं, म्हणून कापांपेक्षा भरीत बरं.

भाजी-कोशिंबिरीतलं दाण्याचं कूटही असंच नजरेआड राहतं. मोठ्या चमच्याला ५० च्या आसपास कॅलरी. खमंग काकडीत चौघांना मिळून दोन चमचे घातले तरी खमंगपणा राहतो. मूठभर शेंगदाणे, साधारण ३० ग्रॅम, म्हणजे १७०. दाणे पौष्टिक आहेतच, फक्त डबा मांडीवर घेऊन खाऊ नका.

वरण-भातावरचं चमचाभर साजूक तूप मात्र राहू द्या. ४५ कॅलरीत एवढं समाधान देणारं दुसरं काही शोधून सापडत नाही. त्या बदल्यात पोळीला लावलेलं तेल सोडा. भाजी-आमटीबरोबर खाल्लेल्या पोळीत ते जाणवतही नाही.

चहा आणि त्याच्यासोबतचं

दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. दूध वेगळं. सोबत दोन वेळा चार-चार ग्लुकोज बिस्किटं, आणखी १८० च्या पुढे. साखर एकदम बंद केली की चहा नकोसा होतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा दोन चमचे पडतात. आधी दीड चमचा करा, दोन आठवडे थांबा, मग एक. जीभ सरावते, घाई मात्र तिला चालत नाही. सकाळचा पहिला चहा आवडता असेल तर तो हवा तसा गोड प्या आणि साखर उरलेल्या तीन कपांतून कमी करा.

बिस्किटं, खारी, टोस्ट यांची भूक बहुतेक वेळा दुपारी साडेचार-पाचची असते, आणि ती खरीच असते. तिला नाही म्हणू नका, पदार्थ बदला. ४० ग्रॅम फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा कांदा-टोमॅटो घातलेली सुकी भेळ चालेल, भेळेत शेव फक्त वरून चिमूटभर. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेऊन काही वाचत नाही. चमच्याला चमचा कॅलरी जवळपास तेवढ्याच.

ताट भरलेलं दिसलं पाहिजे

उपाशी माणूस आठवडाभर निश्चय टिकवतो, महिनाभर नाही. म्हणून ताटातलं कमी करण्यापेक्षा वाटणी बदला. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, आमटी, अंडी, मासे किंवा चिकन, पाव ताट पोळी-भाकरी किंवा भात. शिजलेल्या भाताची दीडशे मिलिलिटरची वाटी साधारण १५० कॅलरींची असते. भात सोडायची काहीही गरज नाही, दुसरी वाटी सोडली तरी पुष्कळ झालं.

प्रथिनांकडे खास लक्ष द्या, शाकाहारी घरांत तर नक्कीच. ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. वजनाच्या दर किलोला सुमारे १ ग्रॅम हे माप धरा. मटकी, मूग, चवळी किंवा घट्ट वरणाच्या दोन वाट्या १४ ग्रॅम, चार पोळ्या १४, पेलाभर दूध ६, वाटीभर दही ५, ५० ग्रॅम पनीर ९, मूठभर फुटाणे ८. एवढं झालं की ५५ च्या पुढे जातं. घरातली आमटी पातळ पाण्यासारखी असेल तर हा हिशेब कोसळतो. एका माणसाला एका वेळी २५ ते ३० ग्रॅम कोरडी डाळ पडली पाहिजे, वाटी किती भरली याला अर्थ नाही.

उपवास

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला अक्षरशः लागू पडते. ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा २६० कॅलरी, ३० ग्रॅम कूट १७०, दोन चमचे तूप ९०. एक बशी ५२० ची, त्यात प्रथिनं येतात ती फक्त दाण्यांतून. खिचडी आवडत असेल तर अर्धी बशी घ्या आणि सोबत दही-काकडी व ताक. ती आवडत नसताना केवळ प्रथा म्हणून खात असाल तर भगर आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याचं भरीत यांनी उपवास तितकाच घडतो. दिवसभर काहीच न खाता रात्री सोडायचा उपवास वजनासाठी धरू नका. सोडतानाच्या ताटावर कुणाचाही ताबा राहत नाही.

आवडीच्या पदार्थांची जागा

टिक केलेल्या गोष्टींतून आठवड्याच्या दोन जागा आधीच ठरवा, वार घालून. बुधवारी ऑफिसबाहेरचा वडापाव, रविवारी सुरमई किंवा मटणाचं जेवण. 'मन झालं तर' असं सोडलंत तर मन रोज होतं.

वडापाव ३०० च्या आसपास. एकच घ्या, उभं राहून घाईत न खाता बसून खा, आणि तो संध्याकाळच्या जेवणाच्या आधी नाश्ता म्हणून आला असेल तर रात्री आमटी, भाजी आणि एक पोळी. मिसळीत उसळ उत्तम आहे, भार फरसाण आणि तर्रीचा असतो. फरसाण वेगळ्या वाटीत मागून कुरकुरीत राहील तेवढंच थोडं थोडं घाला, तर्रीचा दुसरा वाडगा नको, पाव दोनच.

आंब्याबद्दल उगाच भीती आहे. मध्यम हापूसचा गर दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे ९०-१०० कॅलरी. एप्रिल-मे मध्ये रोज एक कापून खाल्ला तरी काही बिघडत नाही, बाकीची फळं त्या दिवशी थोडी कमी करा. बिघडतं ते आमरस-पुरीत. रस दोन-तीन आंब्यांचा, वर साखर, आणि पुरी ८० ते १०० कॅलरींची. सहा-सात पुऱ्या कधी झाल्या कळत नाही. रसात साखर घालू नका आणि दोन पुऱ्यांनंतर पोळीवर या. मधुमेह असेल तर आंब्याचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पुरणपोळीचं उदाहरण नीट बघा, कारण सगळ्या सणांना तेच लागू होतं. मध्यम पोळी तुपासह ३६० कॅलरींची, दोन झाल्या ७२०. रोजच्या दुपारच्या जेवणात तीन पोळ्या, भात, वरण, भाजी मिळून ६८० होतात. त्या जेवणावर पुरणपोळ्या खाल्ल्या तर १,४००. पण साध्या पोळ्या आणि भात काढून दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी आणि कोशिंबीर घेतली तर साधारण ८५०. आनंद तोच, आणि जास्तीचे फक्त पावणेदोनशे. सणाचं गोड जेवणावर चढवू नका, जेवणातल्या पोळी-भाताच्या जागी बसवा. उकडीचा मोदक १२० ते १५० चा, त्यामुळे दोन मोदक म्हणजे एक भाकरी आणि भाजी गेली असं धरा.

दिवाळीच्या फराळाची अडचण पदार्थांत नसून डब्यांत आहे. डबे ओट्यावर राहिले की येता-जाता हात जातो. वरच्या फळीवर ठेवा, दिवसातून एकदाच बशीत काढा, प्रत्येकी एक चकली, एक करंजी, थोडा चिवडा, आणि चहाबरोबर बसून खा. घाणा निम्मा करणं हा सगळ्यात चांगला उपाय. कार्तिकी एकादशीनंतर उरलेली शंकरपाळी आवडीने कुणी खात नाही, नुसती संपवतात.

दारू घेत असाल तर ६० मिलिलिटर व्हिस्की १३५ च्या आसपास, मोठी बाटली बिअर पावणेतीनशे आणि स्ट्राँग असेल तर जास्त. चखण्याच्या तळलेल्या दाण्यांनी ती संध्याकाळ सहज दुप्पट होते. ही आठवड्याच्या दोनांपैकी एक जागा धरा, तिसरी करू नका.

आग्रहाचं काय करायचं

पंगतीत रिकामं ताट दिसलं की वाढपी थांबतोच. म्हणून शेवटचा घास ताटात राहू द्या आणि इतरांबरोबर संपवा. आजी-मावशींना 'डाएट चालू आहे' म्हणू नका, त्यातून वाद आणि आणखी एक जिलेबी येते. 'मावशी, मठ्ठा छान झालाय, तो आणखी द्या' म्हटलं की त्यांचाही मान राहतो. सासरी-माहेरी गेल्यावर पहिल्यांदा मुद्दाम कमी वाढून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा घेता येतं आणि आग्रह करणाऱ्याचं मन मोडत नाही.

चालणं आणि बाकीचं

अर्धा तास झपझप चालून सत्तर किलोच्या माणसाच्या १२० ते १५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे अर्धा वडापाव. म्हणून खाल्लेलं चालून फेडायचा हिशेब मांडू नका, त्यात दोन्हींची मजा जाते. चालायचं ते आठवड्याला १५० मिनिटं, हृदयासाठी आणि उतरलेलं वजन टिकण्यासाठी. रात्रीची शतपावली शंभर पावलांवर न थांबवता १०-१५ मिनिटांची केली तर जेवणानंतर वाढणारी साखरही आटोक्यात राहते. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम: खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठबस, भिंतीला हात टेकून १० दंड, दोन्हींच्या तीन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

काटा वाचताना

रोज वजन करा किंवा आठवड्यातून तीनदा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सव्वा किलो वाढलेलं दिसतं. एवढी चरबी व्हायला एका जेवणात ९,००० च्या वर जास्तीच्या कॅलरी खाव्या लागतील. ते लोणच्या-पापडाच्या मिठाने धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं, तीन-चार दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीही असंच पाणी साठतं, म्हणून बायकांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. पहिल्या पंधरा दिवसांत दोन किलो उतरलं तर त्यातही बरंच पाणीच असतं, मग वेग मंदावला म्हणून घाबरू नका.

सलग चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर तीन दिवस पुन्हा सगळं लिहा. बहुतेक वेळा तेलाचा चमचा नकळत मोठा झालेला असतो, किंवा शनिवार-रविवार निसटलेला असतो. पाच दिवस रोज ३५० वाचवले ते १,७५०, आणि दोन सुट्टीच्या दिवशी ८००-८०० जास्त गेले तर शिल्लक राहतात १५०. इथे सोमवारी उपास धरून काही होत नाही, शनिवारचं जेवण ठरवावं लागतं. लिहिलेलं सगळं बरोबर निघालं तर कारण साधं आहे: हलक्या शरीराला कमी कॅलरी लागतात. अर्धी भाकरी कमी करा किंवा चालणं १५ मिनिटांनी वाढवा, दोन्ही एकदम नको.

उलट वजन आठवड्याला एक किलोहून जास्त वेगाने उतरत राहिलं तर खाणं वाढवा. फार वेगाने घटल्यावर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, स्नायू झिजतात, आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात.

पहिले ५ टक्के उतरले की लगेच पुढचं ध्येय धरू नका. महिना-दोन महिने त्याच वजनावर थांबा. रोजच्या खाण्यात आधी १०० कॅलरी परत आणा, म्हणजे एक पोळी किंवा एक फळ, आणि दोन आठवडे सरासरी बघा. वजन स्थिर असेल तर आणखी १००. आठवड्याच्या दोन जागा, डब्यावरची तारीख आणि सकाळचा काटा या काळातही चालू ठेवा. सरासरी दीड किलोने वर गेली की पुन्हा आठवडाभर वही उघडा.